जुना रेडिओ कां घुमतो?



आपल्या भाषेंत 'घुमणें' या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. देवळाच्या गाभाऱ्यांत घंटेचा नाद घुमतो, तो एक. आणि अंगांत आलेला भगत घुमतो, तो दुसरा. व्हाल्व्हचा जुना रेडिओ घुमूं लागला म्हणजे घरांतील मंडळी बहुधा दुसराच अर्थ धरून चालतात. कोणी त्याच्या पाठीवर थाप मारतो, कोणी खटका पुन्हां पुन्हां दाबतो, आणि अखेर 'याचें आतां वय झालें' असा निकाल देऊन त्याची रवानगी माळ्यावर किंवा भंगारवाल्याकडे होते. माझें म्हणणें असें कीं, हें घुमणें म्हणजे एक लक्षण आहे. वैद्यानें नाडी पाहावी त्याप्रमाणें तें नीट ऐकलें, तर विकार कोणत्या भागांत आहे याचा अंदाज पुष्कळ वेळां पेटी उघडण्यापूर्वींच करतां येतो. मी इंजिनियर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर आहें. तेव्हां जें सांगणार तें फळ्यावर आकृति काढून सांगावें तितक्याच सोप्या रीतीनें.

नेमका कोणता आवाज आपल्या विचाराचा विषय, हें प्रथम ठरविलें पाहिजे. जुन्या रेडिओंतून नको असलेले आवाज मुख्यतः तीन जातींचे येतात. पहिली खरखर. ती तुटक असते, आणि बहुधा सैल झालेला सांधा, मळलेलें आवाजाचें बटण किंवा आकाशांतील वीज यांपासून उत्पन्न होते. दुसरी शीळ. दोन केंद्रांच्या लहरी एकमेकींत मिसळल्या कीं ती ऐकूं येते, आणि कांटा हलविला कीं तिचा सूर चढतो किंवा उतरतो. तिसरा आवाज हा आपला आजचा विषय. लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यासारखा तो सलग आणि खालच्या सुरांतला, 'घूं' असा असतो. भाषण चालू असतांना तो शब्दांखालीं दडून राहतो; परंतु ख्यालगायक समेवर येऊन क्षणभर थांबला, कीं जेथें तंबोऱ्याचा षड्ज ऐकूं यावयाचा तेथें हा परका खर्ज पुढें येतो. न जुळणारे दोन सूर तासभर ऐकत बसणें ही कान असलेल्या मनुष्यास शिक्षाच होय.

हा खर्ज येतो कोठून? मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. त्या काळचे पुष्कळसे रेडिओ बॅटरीवर चालत, आणि बॅटरीवर चालणारा रेडिओ असा घुमत नसे. कारण बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेनें आणि संथपणें वाहतो. घरांतील विजेची गोष्ट निराळी. ती २३० व्होल्टची असून तिचा प्रवाह उलटसुलट असतो. सेकंदाला त्याचीं ५० आवर्तनें होतात. वीजनिर्मितीकेंद्रांतील दोन ध्रुवांचें जनित्र मिनिटाला ३००० फेरे घेतें, म्हणजे सेकंदाला ५०. हीं आवर्तनें त्याच फेऱ्यांचीं. उलटपक्षीं रेडिओंतील व्हाल्व्हना सुमारें २५० व्होल्टचा, एकाच दिशेनें जाणारा आणि संथ प्रवाह लागतो. हें रूपांतर जेथें अपुरें राहतें, तेथें दूरच्या त्या जनित्राचें फिरणें आपल्या दिवाणखान्यांत ऐकूं येऊं लागतें.

रूपांतराची रीत समजण्यास मोटेच्या विहिरीचा दृष्टान्त पुरेसा आहे. ज्यांनीं आजोळीं अशी विहीर पाहिली असेल त्यांना आठवेल, कीं मोट वर आली म्हणजे पाण्याचा एकदम लोंढा थारोळ्यांत पडतो. बैल मागें सरकून मोट पुन्हां खालीं जाईपर्यंत कांहींच येत नाहीं. विहीर दुमोटी असेल तर एक मोट खालीं जाते तेव्हां दुसरी वर येते, आणि लोंढे दुप्पट होतात. पण पिकाला लोंढे चालत नाहींत; पाटाला पाणी सारखें वाहिलें पाहिजे. तें काम थारोळें करतें. लोंढा आला कीं तें भरतें, आणि लोंढा थांबला कीं सांठविलेलें पाणी सोडीत राहतें.

रेडिओंतील रेक्टिफायर व्हाल्व्ह ही मोट होय. ट्रान्स्फॉर्मर असलेल्या बहुतेक रेडिओंत ती दुमोटी असते, आणि विजेचे लोंढे सेकंदाला १०० येतात. ट्रान्स्फॉर्मर नसलेल्या रेडिओंत ती सामान्यतः एकमोटी असते, आणि लोंढे ५० येतात. थारोळ्याच्या जागीं इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर असतो. तो अॅल्युमिनियमच्या डबीच्या किंवा नळकांड्याच्या आकाराचा दिसतो. त्याच्यापुढें चोक, म्हणजे लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेलें तारेचें वेटोळें. प्रवाहांत एकाएकीं होणाऱ्या बदलास विरोध करणें हा त्याचा धर्म. कांहीं रेडिओंत चोकाऐवजीं साधा रोधक असतो. त्याच्याहीपुढें दुसरा कंडेन्सर, म्हणजे दुसरें थारोळें. एवढा प्रवास करून आलेला प्रवाह जवळजवळ संथ झालेला असतो.

आतां थारोळें गाळानें भरलें तर काय होईल? लोंढे तसेच पाटांत शिरतील. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचें वार्धक्य याच प्रकारचें आहे. त्याच्या आंत अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आणि रासायनिक द्रवानें भिजविलेला कागद यांची गुंडाळी असते, आणि पट्टीवर ऑक्साईडचा अत्यंत पातळ पापुद्रा असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनें तो ओलावा सुकत जातो. डबीवर १६ किंवा ३२ मायक्रोफॅराड असें छापलेलें असलें तरी प्रत्यक्षांत दोनतीनच शिल्लक राहतात. बाहेरून डबी जशीच्या तशी. आंतलें थारोळें मात्र बुजलेलें. जुन्या रेडिओच्या घुमण्याचें सर्वांत सामान्य कारण हेंच होय.

सामान्य असलें तरी तें एकमेव कारण नव्हे, आणि येथेंच दुरुस्तीची वाट चुकते. घुमणारा रेडिओ दिसला कीं आंतील सगळे कंडेन्सर सरसकट उपटून नवे घालावयाचे, अशी एक रीत आहे. ट्रान्स्फॉर्मर गेला असें सांगून मोकळें व्हावयाचें, ही दुसरी. दोहोंतही रोग रेड्याला आणि औषध पखालीला असा प्रकार होण्याचा संभव असतो. म्हणून हत्यार हातीं घेण्यापूर्वीं रेडिओला चार प्रश्न विचारावे. त्यांना पेटी उघडावी लागत नाहीं.

पहिला प्रश्न : आवाजाचें बटण शून्यावर आणलें तर घुमणें राहतें कीं जातें? राहिलें, तर विकार बटणाच्या पुढच्या भागांत, म्हणजे वीजपुरवठ्याच्या कंडेन्सरांत किंवा शेवटच्या व्हाल्व्हजवळ आहे. बटणाबरोबर तें कमीजास्त झालें, तर विकार बटणाच्या अलीकडे आहे : आधींच्या एखाद्या व्हाल्व्हांत, बटणाच्या सुटलेल्या जोडणींत, किंवा बाहेरून आणलेल्या तारेंत.

दुसरा प्रश्न : सूर कोणता? १०० आवर्तनांचा आवाज आणि ५० आवर्तनांचा आवाज हा एकच सूर. अंतर एका सप्तकाचें. हार्मोनियमवर खर्जाच्या सुरांतील 'सफेद पांच' सुमारें ९८ आवर्तनांचा असतो. रेडिओचें घुमणें त्याच्याशीं जवळजवळ जुळलें, तर तीं १०० आवर्तनें, म्हणजे दुमोटी विहिरीचे लोंढे, दोष कंडेन्सरचा. त्याहून एक सप्तक खालीं, जाड आणि भरीव सूर असेल, तर तीं ५० आवर्तनें. अशा वेळीं रेडिओ एकमोटी आहे काय हें पाहावें. तो तसा नसेल, तर घरांतील वीज कोठून तरी थेट झिरपत आहे असें समजावें. व्हाल्व्हच्या पोटांत तापणारी तार आणि तिच्या भोंवतालची कॅथोड नळी यांमध्यें निरोधक थर असतो. तो दुबळा झाला कीं तापविण्यासाठीं दिलेली वीज कॅथोडांत शिरते, आणि पुढचे व्हाल्व्ह तीच वाढवून आपल्याला ऐकवितात. येथें कंडेन्सर कितीही बदलले तरी उपयोग नाहीं. तो व्हाल्व्हच बदलावा लागतो. लहान स्पीकर मात्र ५० आवर्तनांचा सूर नीट काढूं शकत नाहीं, आणि कानावर त्याच्या वरचे उपसूरच पडतात. म्हणून केवळ सुरावर निकाल न देतां पहिल्या प्रश्नाचें उत्तर त्याच्या शेजारीं ठेवावें.

तिसरा प्रश्न : रेडिओ घुमतो केव्हां? नेहमीं, कीं एखादें केंद्र लागल्यावरच? दोन केंद्रांच्या मधल्या जागेंत शांत राहणारा आणि केंद्र लागतांच घुमणारा रेडिओ आंतून बहुधा निरोगी असतो. केंद्राच्या लहरी विजेच्या तारांतून आंत शिरून त्यांच्यावर विजेचीं आवर्तनें स्वार झालेलीं असतात. चांगली एरियल बांधणें, आणि वीज जेथें आंत येते तेथें त्या कामासाठींच बनविलेला सुरक्षित वर्गाचा कंडेन्सर जाणत्याकडून बसवून घेणें, हे त्यावर उपाय. दुसरें असें कीं, हल्लीं पुष्कळ घरीं जुन्या रेडिओच्या ग्रामोफोनच्या छिद्रांत मोबाईल फोन जोडून गाणीं ऐकतात. तशी तार जोडली कीं घुमतो आणि काढली कीं थांबतो, असें असल्यास तारेवरील जाळी कोठें तुटली आहे काय तें पाहावें. फोन चार्जरवर असेल तर चार्जर काढून ऐकावें. दोन्ही यंत्रें विजेच्या तारांतून एकमेकांशीं जोडलीं जाऊन जें वर्तुळ होतें तें तुटलें, कीं घुमणें पुष्कळदां तेथेंच संपतें.

चौथा प्रश्न : आवाज स्पीकरमधून येतो कीं लाकडांतून? पेटीच्या बाजूला कान लावून पाहावा. ट्रान्स्फॉर्मरच्या लोखंडी पत्र्यांचे बोल्ट सैल झाले म्हणजे ते पत्रे सेकंदाला १०० वेळां थरथरतात, आणि पेटी तंबोऱ्याच्या भोपळ्याप्रमाणें तो नाद वाढविते. हा विजेचा दोष नसून सुतारकामासारखा आहे : वीज तोडून बोल्ट आवळावे, ट्रान्स्फॉर्मरखालीं नमद्याची पट्टी घालावी. मात्र ट्रान्स्फॉर्मर हात ठेववत नाहीं इतका तापत असेल, तर त्याच्यावर कोठून तरी जादा ओझें पडत आहे हें समजून रेडिओ बंद करावा.

या जादा ओझ्याचें एक कारण विशेष सांगण्यासारखें आहे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आपल्या वडिलांचा, १९५० नंतरच्या दशकांतील एक रेडिओ माझ्याकडे आणला होता. एका दुकानांत त्याला 'ट्रान्स्फॉर्मर गेला, दुरुस्ती परवडणार नाहीं' असें सांगण्यांत आलें होतें. बटण शून्यावर आणलें तरी घुमणें कायम; सूर 'सफेद पांच'च्या जवळ; गाण्याचा आवाज घोगरा; आणि अर्ध्या तासांत ट्रान्स्फॉर्मर तापे. घुमण्याचा उलगडा सुकलेल्या कंडेन्सरनें होत होता, पण घोगरेपणाचा आणि तापण्याचा होत नव्हता. शेवटच्या व्हाल्व्हकडे आवाज पोंचविणारा एक लहानसा कागदी कंडेन्सर असतो; आवाज जाऊं द्यावयाचा आणि आधींच्या व्हाल्व्हचा मोठा दाब अडवावयाचा, हें त्याचें काम. तो दाब अडविण्याऐवजीं झिरपूं देत होता. त्यामुळें शेवटचा व्हाल्व्ह प्रमाणाबाहेर प्रवाह ओढी, ट्रान्स्फॉर्मर तापे, आणि दुबळ्या थारोळ्यांवर दुप्पट ताण पडून घुमणें आणखी वाढे. दोन मोठे कंडेन्सर आणि हा एक लहान, एवढे तीन बदलले. जेथें २५० व्होल्ट असावयाचे तेथें आधीं १९० दिसत होते, ते नंतर २४५ झाले. ट्रान्स्फॉर्मरला कांहींच झालें नव्हतें. नुसते मोठे कंडेन्सर घालून रेडिओ परत दिला असता, तर घुमणें कमी होऊन सर्वांचें समाधान झालें असतें, आणि कांहीं महिन्यांत ट्रान्स्फॉर्मर खरोखरच जळाला असता.

दुसऱ्या महायुद्धापूर्वींच्या रेडिओंत आणखी एक विशेष आढळतो. त्यांपैकीं पुष्कळांच्या स्पीकरमध्यें कायमचें लोहचुंबक नसून विद्युत्-चुंबक असे, आणि त्याचें वेटोळेंच चोकाचें काम करी. घुमणें मारण्यासाठीं अनेकांत एक लहानसें उलट वेटोळेंही जोडलेलें असे. असा स्पीकर काढून कोणी नवा बसविला आणि जुन्या वेटोळ्याच्या जागीं नुसता रोधक घातला, तर कंडेन्सर नवे असूनही रेडिओ घुमतो. म्हणून जुना स्पीकर फेंकण्यापूर्वीं त्याच्याकडे किती तारा जातात त्या मोजाव्या. दोनांहून अधिक असतील तर तो बहुधा या जातीचा आहे.

आतां सुरक्षिततेची गोष्ट. ती मी विनंती म्हणून सांगत नाहीं, वर्गांत नियम सांगावा तशी सांगतों. खटका बंद करून तार भिंतींतून काढली तरी चांगल्या कंडेन्सरमध्यें २५० ते ३०० व्होल्टचा सांठा कांहीं काळ राहूं शकतो, आणि तो जीव घेण्यास पुरेसा आहे. दहा हजार ओहमचा, पांच वॅटचा रोधक निरोधक मुठीच्या चिमट्यानें दोन टोकांवर दहा सेकंद धरून तो सांठा रिता करावा, आणि मीटरनें शून्य पाहिल्यावांचून बोट लावूं नये. ज्या रेडिओंत ट्रान्स्फॉर्मर नाहीं, त्याची आंतली लोखंडी बैठक विजेच्या एका तारेशीं थेट जोडलेली असते. प्लग उलटा बसला तर ती बैठक आणि बटणाचा सुटलेला स्क्रू यांत पूर्ण २३० व्होल्ट खेळतात. अशा रेडिओला फोन किंवा दुसरें कोणतेंही यंत्र तारेनें जोडूं नये, आणि त्याच्या बैठकीला जमिनीची तारही लावूं नये. असे रेडिओ उघडण्याचें काम जाणत्यानेंच करावें. घरच्या मंडळींनीं फक्त ऐकावें.

माळ्यावरून काढलेला रेडिओ एकदम विजेला जोडूं नये, हेंही तितकेंच महत्त्वाचें. वर्षानुवर्षें न वापरलेल्या कंडेन्सरचा ऑक्साईडचा पापुद्रा विरतो. एकाएकीं पूर्ण दाब पडला तर तो तापून फुटतो, आणि रेक्टिफायर व्हाल्व्ह किंवा ट्रान्स्फॉर्मर यांना बरोबर नेतो. जुने कारागीर ६० वॅटचा तारेचा दिवा मालिकेंत घालून रेडिओ सुरू करतात. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. उजळलेलाच राहिला तर आंत कोठें तरी विजेला आडवाट सांपडली आहे, तेव्हां ताबडतोब बंद करावें.

नवा कंडेन्सर घालतांना तीन गोष्टी पाळाव्या. व्होल्टचा आंकडा जुन्याइतका किंवा अधिक असावा. ४५० चा बहुधा चालतो. धन आणि ऋण टोकें उलटीं लागूं नयेत. उलटा लावलेला इलेक्ट्रोलिटिक फुटतो. आणि पहिल्या कंडेन्सरची धारणा 'मोठें थारोळें तेवढें चांगलें' या समजुतीनें भरमसाट वाढवूं नये. रेक्टिफायर व्हाल्व्हला तो भरण्याचा ताण सोसवत नाहीं. ईझेड ८० या व्हाल्व्हच्या निर्मात्यांनीं ती मर्यादा ५० मायक्रोफॅराड ठरविली आहे, आणि इतरांच्या मर्यादाही त्यांच्या माहितीपत्रकांत सांपडतात. जुना कंडेन्सर तसाच ठेवून त्याच्यावर नवा जोडण्याची लकबही वाईट. घुमणें थांबतें खरें, परंतु झिरपणारा जुना आंत तापतच राहतो. त्याची जोडणी सोडवावी. रिकामी डबी शोभेसाठीं जागेवर राहिली तरी हरकत नाहीं.

एवढें केल्यावरही स्पीकरच्या कापडाला कान लावला तर किंचित् घूं ऐकूं येईल. तें राहणारच, रेडिओ नवा होता तेव्हांही तें होतें. खोलींत बसण्याच्या जागीं, रात्रीच्या शांततेंत, गाणारा थांबला असतां तें ऐकूं येत नसेल, तर काम पुरें झालें.

आपल्यापैकीं ज्यांच्या घरीं असा रेडिओ असेल, त्यांनीं कारागिराकडे जाण्यापूर्वीं एका कागदावर चार ओळी लिहून न्याव्या : बटण शून्यावर असतां घुमतो कीं नाहीं; सूर कोणता; नेहमीं कीं केंद्र लागल्यावरच; आणि स्पीकरमधून कीं लाकडांतून. आज व्हाल्व्हचें काम जाणणारे कारागीर थोडे उरले आहेत, आणि जे आहेत त्यांचा वेळ मोलाचा आहे. तो कागद वाचून जो कारागीर पुढचा प्रश्न विचारील, त्याच्या हातीं रेडिओ निर्धास्तपणें द्यावा. जो कागद बाजूला सारून ट्रान्स्फॉर्मर गेला असें म्हणेल, त्याच्याकडून रेडिओ उचलून घरीं आणावा आणि दुसरा कारागीर शोधावा.